पान सेहेचाळीस : नदीचा उतार

पहिला मुक्काम, १४ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद नंतर, आधी पाय. उजव्या टाचेवर कोटाच्या बटणाएवढा फोड आला आहे. डावी टाच अजून विचार करते आहे. सात वर्षांनी पत्र आणि त्यात पहिली बातमी फोडाची, म्हणून हसशील. हस. आपल्या घरातली घरकोंबडी यात्रेच्या वाटेला लागली आहे, हे मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही.

मी इथे का, ते सांगते. बाबांचं 'वाटेची माहिती' संपलं. शेवटच्या वीस प्रती उन्हाळ्यात गेल्या, आणि दुकानदार नवी आवृत्ती मागताहेत. वाट चालून पाहायला तू नाहीस. तुझ्या भावजींचे गुडघे तुला माहीत आहेत. दोन माणसं पाठवून पाहिली. पहिला तिसऱ्या दिवशी घरी परत आला. दुसरा पूर्ण वाट करून आला, पण त्याच्या टिपणात प्रत्येक ठिकाणी बसथांबा कुठे आहे तेच लिहिलेलं होतं. तेव्हा भावजी म्हणाले, "तूच जा. इतकी वर्षं बसल्या जागी पुस्तक केलंस, एकदा बघून तरी ये." मी रागावले, आणि रागाच्या भरात बूट घेतले.

तर आठ मुक्काम आहेत. सहाव्या मुक्कामापाशी नदीचा उतार आहे, जिथे नदी पायी ओलांडतात. तिथेच ते घड्याळजी वाहून गेले. निवृत्त माणूस, एकटा, पाठीला पिशवी आणि पिशवीत आपलं पुस्तक. पान सेहेचाळिसावर लिहिलं होतं की इथून नदी पायी ओलांडता येते. पाणी चढलं असेल तर ओलांडू नये, हे लिहिलेलं नव्हतं. ती सूचना तुझ्या वहीत होती की नाही, यावरून आपलं जे झालं ते झालं. नव्हती असं मी म्हणाले, आणि वही रद्दीत गेली म्हणाले. तू एक पिशवी घेऊन निघून गेलीस.

त्या उताराबद्दल मला तुला काही लिहायचं आहे. तिथे पोचायच्या आत लिहीन. आज नाही, आज पाय दुखताहेत.

तुझा पत्ता मावशीने दिला. तू वाचनालयात बसून काम करतेस आणि एक मजला चढायलाही लिफ्ट घेतेस, असं ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. रागावू नकोस तिच्यावर, मी तिला फार छळलं.

तुझा,
ठोकळा

(हे नाव तूच ठेवलंस, आता भोग. छापखान्यात चित्राचा ठोकळा जसा एकदा बसवला की हलत नाही, तशी मी. आज बावीस किलोमीटर हलले.)


तिसरा मुक्काम, १६ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

दुसऱ्या मुक्कामाहून लिहिलं नाही. जेवले आणि बुटांसकट झोपले.

आज कड्यातली लेणी पाहिली. आपल्या पुस्तकात काय आहे, आठवतं? "येथील भव्य लेणी पाहताना मन थक्क होते." हे वाक्य माझं. बारा वर्षांपूर्वी खिडकीशी बसून, शेजारणीचं धुणं बघत लिहिलेलं. लेणी तीन आहेत. मधल्यात मी हात वर केला तर छताला लागला. माझा हात, भिंगरी, जो आपल्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीलाही पोचत नाही. मन थक्क झालं ते पुस्तकावर.

पण सुंदर आहेत गं. आत एका भिंतीवर कोणीतरी चार माणसं कोरायला घेतली आणि तिसऱ्यावर सोडून दिली. चौथ्याचे फक्त खांदे आहेत. बाहेर दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे, त्यात डोकावलं की थंड हवा तोंडावर येते. यातलं एक अक्षर पुस्तकात नाही. तिथे 'भव्य' आहे.

तू लिहिलं होतंस, "पायऱ्या चौऱ्याऐंशी. खालून तिसरी हलते, डावीकडून चढावं. टाक्यातलं पाणी पिण्याजोगं." मी मोजल्या. चौऱ्याऐंशी. तिसरी अजून हलते. डावीकडून चढले.

पुढे एका मैलावर जुना वड आहे. त्याच्या बुंध्याला फेरी मारायला एकतीस पावलं लागतात असं तुझं माप. माझी चौतीस झाली. तीन पावलांचा फरक तुझ्या टांगांचा. बाबा नेहमी तुझंच माप धरायचे, म्हणायचे, "ही पाऊल टाकते ते फूटपट्टीसारखं." मला तेव्हा राग यायचा. माझ्याकडे कसलंच माप नव्हतं. माझ्याकडे विशेषणं होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच असावं.

डाव्या टाचेचा विचार झाला. फोड आला.

ठोकळा


चौथा मुक्काम, १७ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि दहा पावलांवर लक्षात आलं. पेटीत हात जातो का तेही पाहिलं. जात नाही.

तुझ्या आलं असेलच लक्षात. पायऱ्या चौऱ्याऐंशी आणि तिसरी हलते, हे पुस्तकात कधीच नव्हतं. ते तुझ्या वहीत होतं. वही रद्दीत गेली नव्हती. ती माझ्या पिशवीत आहे, आत्ता टेबलावर उघडी आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरा उंदराने कुरतडलेला. सात वर्षं कपाटात जुन्या पंचांगांच्या खाली होती.

आता तू पत्र फाडणार नसशील तर पुढचं सांगते.

आज वाटेत एक मास्तर आणि त्यांच्या बाई भेटल्या. दोघं शाळेतून निवृत्त झालेले आणि दोघांची सारखी कुरबुर. त्यांच्याकडे आपलं पुस्तक होतं. आम्ही तिघं दगडी पुलापाशी जेवायला बसलो. बाईंनी मोठ्याने वाचलं, "'पुलाच्या भव्य कमानी प्रवाशाचे चित्त वेधून घेतात.' अहो, कमान तर एकच आहे!"

मास्तर म्हणाले, "बाकीच्या पडल्या असतील."

"पडल्या तर त्यांचे दगड कुठे आहेत? हे लिहिणारं माणूस इथे आलं तरी होतं का?" आणि माझ्याकडे वळून, "तुम्हाला काय वाटतं हो?"

"कोण जाणे," म्हणाले मी, आणि उकडलेलं अंडं सोलत बसले. चोराच्या मनात चांदणं. ते अंडं मी इतकं सोललं की पांढरंही गेलं.

मास्तर पुस्तक चाळत म्हणाले, "पण आकडे बघ, आकडे चोख आहेत. कुठे पाणी, कुठे सावली, किती वेळ लागतो, एक चूक नाही. मला वाटतं शब्द एकाचे आहेत आणि आकडे दुसऱ्याचे."

शाळामास्तर तो शाळामास्तरच. वह्या तपासून तपासून नजर अशी होत असेल.

मग बाईंनी सेहेचाळिसावं पान काढलं. त्यांची प्रत त्या अपघातानंतर विकलेली, म्हणजे त्यात ती चिठ्ठी डकवलेली. तू ती चिठ्ठी पाहिली आहेस की नाही मला माहीत नाही. तू गेल्यावर मी छापली. "पाहणी करणाऱ्याच्या नजरचुकीने येथे एक महत्त्वाची सूचना राहून गेली आहे. पाणी चढले असता नदी ओलांडू नये." बाईंनी ती वाचली, पुस्तक मिटलं, आणि म्हणाल्या, "ज्याच्या हातून हे राहून गेलं, त्याला झोप लागत असेल का हो?"

मग पायाचं निमित्त सांगून मागे राहिले आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.

ताई


पाचवा मुक्काम, १८ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

आज गरम पाण्याचे झरे. तीन कुंडं, पहिल्यात पाय घातला तर पोळतो, तिसऱ्यात बरं वाटतं. तुझ्या वहीत "तिसऱ्यात बसावं" असं आहे आणि पुढे चक्क "छान वाटतं". वहीभर तू आपल्या मनाचं लिहिलंस ते एवढंच. मी ते छापलं नव्हतं, 'आरोग्यदायी' छापलं होतं. पाऊण तास बसले. छान वाटतं.

वर डोंगरात दोन दिवस पाऊस आहे म्हणतात. उद्या उतारावर पाणी किती असेल ते कोणी सांगत नाही.

तर ते, जे लिहायचं होतं. सूचना तुझ्या वहीत होती. पान एकोणीस, तुझ्या अक्षरात, खाली रेघ मारून. "पाणी खुणेच्या दगडावर आलं असेल तर ओलांडू नये. मुक्कामाच्या घरी थांबावं, दोन दिवसांत उतरतं." तेव्हा बाबा नुकतेच गेले होते, कामाची घाई होती, अक्षरांची जुळणी मी एकटी करत होते. त्यात ती ओळ माझ्याकडून सुटली. नंतर तू विचारलंस तेव्हा मी घाबरले आणि नव्हती म्हणाले. मग खोटं बोल पण रेटून बोल असं होत गेलं.

लिहून झालं. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर झालं.

ताई


सहावा मुक्काम, १९ सप्टेंबर

भिंगरी,

कालचं पत्र तुला मिळालं असेल. त्यात 'सुटली' असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. ओळ सुटली नाही. मी काढली.

कशी, ते तुला कळेल, कारण तू छापखान्यात वाढलीस. सेहेचाळिसावं पान एक ओळ जास्त होत होतं. समोर सत्तेचाळिसावर धबधब्याच्या चित्राचा ठोकळा बसवून झाला होता. ओळ ठेवायची तर चित्र हलवायचं, चित्र हलवलं की पुढची सगळी पानं हलणार आणि सोळा पानांचा तो अख्खा फर्मा पुन्हा जुळवायचा. दुपारचे चार वाजले होते. भावजी यंत्रापाशी उभे राहून विचारत होते, "झालं का?" मी पान वाचलं. एक ओळ जायला हवी होती. तुझी सूचना होती, आणि तिच्या खाली माझं वाक्य होतं, "येथून पश्चिमेच्या कड्याचे दृश्य मनोहर दिसते." मी मनाशी म्हटलं, पाणी चढल्यावर कोण शहाणा नदीत उतरेल? एवढं माणसाला कळतंच. आणि चिमट्याने तुझ्या ओळीचे शिशाचे खिळे उचलून परत खणात टाकले. माझं वाक्य ठेवलं, ते मला आवडायचं.

आज दुपारी उतारावर पोचले. कडा दिसत नाही. मध्ये टेकाड आहे. नदीच्या या काठावरून कुठूनही नाही. मी वेड्यासारखी वर-खाली फिरून आले, एका दगडावरही चढले. जे वाक्य ठेवण्यासाठी तुझं काढलं, ते खोटं होतं.

पाणी खुणेच्या दगडावर वीतभर आहे. वरून शांत दिसतं. ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं चढलेली नदी गर्जना करत असेल, फेस असेल, बघूनच माणूस मागे फिरेल. तसं काही नाही. मातकट, सपाट, संथ, गुडघाभर असावं असं वाटणारं पाणी. मीही उतरले असते. आणि मुक्कामाचं घर झाडांच्या मागे आहे, वाटेवरून दिसत नाही. 'थांबावं' म्हणून कोणी सांगितलं नाही, तर इथे एखादं घर आहे हे कळणारही नाही.

त्या घराची मालकीण साठीची, आडव्या अंगाची. मला दारात बघून म्हणाली, "पाणी चढलंय, आत या. यंदा थांबाबाई अजून आल्या नाहीत, म्हणून मीच सारखी बाहेर बघतेय."

"कोण थांबाबाई?"

"आहे एक. सहा वर्षं झाली, येते. वाचनालयात कामाला आहे कुठेशी. डोंगरात पाऊस लागला की मला फोन करते, पाणी किती म्हणून विचारते, आणि दुसऱ्या दिवशी बसने हजर. उतारापाशी खुर्ची टाकते आणि येईल त्याला म्हणते, थांबा. म्हणून थांबाबाई. वर्षाची सगळी रजा इथे घालवते. मी म्हटलं, अगं, एवढी रजा आहे तर कुठेतरी मजेत जाऊन ये. तर म्हणते, जुनी पुस्तकं अजून लोकांच्या पिशवीत आहेत मावशी, चिठ्ठी नसलेली."

मी काहीतरी विचारलं असेन, कारण ती पुढे म्हणाली, "तिच्या हातून चूक झाली होती. एक ओळ लिहायची राहिली आणि माणूस गेला. आपण ती लिहिली होती असं तिला पक्कं आठवायचं, आधी. पण बहिणीने वही बघून सांगितलं, नाही म्हणून. आता म्हणते, मलाच भास झाला असणार."

भिंगरी, तुला भास झाला नव्हता. पान एकोणीस. पान कापून या पाकिटात घातलं आहे. रेघ तू इतकी दाबून मारलीस की मागच्या बाजूला उमटली आहे.

मी समजत होते की तू माझ्यावर रागावून गेलीस. सात वर्षं मी तुझ्या रागाची तयारी करत होते, मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. तू माझ्यावर रागावलीच नव्हतीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. हे मला सहन होत नाही. दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून सरळ लिहिते. मला तुझी लाज वाटत नव्हती, माझी वाटत होती, आणि ती मी तुझ्या नावावर टाकली.

मालकीणबाईंना मी सांगितलं. ती बहीण मी, आणि ओळ होती. मला वाटलं, हाकलून देतात. त्यांनी माझ्यासमोरचा चहाचा कप उचलला, आत नेऊन ठेवला, आणि परत येऊन म्हणाल्या, "खुर्ची पडवीत आहे. सकाळी सहाला पहिली माणसं येतात."


सहावा मुक्काम, २३ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

चार दिवस उतारावर आहे. पाणी आज दगडाच्या खाली बोटभर गेलं, वर परत ढग आहेत. आजवर एकेचाळीस माणसं थांबवली. बहुतेक जण ऐकतात. मास्तर आणि त्यांच्या बाई माझ्या आधीच येऊन मुक्कामाच्या घरी थांबले होते, कारण त्यांच्या पुस्तकात चिठ्ठी होती. त्यांनाही सांगितलं. बाई म्हणाल्या, "तरीच तुम्ही अंडं तसं सोलत होतात!" मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बहिणीला कळवलंत?" कळवलं म्हणाले.

काल एक तरतरीत गडी आला, बूट गळ्यात अडकवून सरळ पाण्याकडे. मी थांबा म्हणाले. त्याने पिशवीतून आपलं पुस्तक काढलं, जुनं, चिठ्ठी नसलेलं, बहुधा त्याच्या वडिलांचं. "बाई, छापलंय इथे. पायी ओलांडता येते."

"ते चुकीचं आहे."

"तुम्हाला काय माहीत? पुस्तक लिहिणाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल ना?"

"पुस्तक मीच छापलं," मी म्हणाले. "खाली अजून एक ओळ होती. माझ्या बहिणीने लिहिली होती, मी काढली. इथे एक माणूस मेला."

त्याने पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खाली बसून बूट घालायला लागला. त्याच्याशी बोलताना माझा आवाज कापला नाही. परवा कापला होता.

आता कामाचं. घड्याळजींच्या मुलीला मी पत्र लिहिलं. तेव्हा तिने विचारलं होतं की चूक कोणाची, आणि मी तुझं नाव कळवलं होतं. आता माझं कळवलं. नक्कल सोबत आहे. भावजींना फोन केला आणि नवी आवृत्ती थांबवायला सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी 'झालं का, झालं का' करत होतो, तेव्हा?" मी हो म्हणाले. मग त्यांनी यंत्र बंद केलं, ते मला फोनवर ऐकू आलं. नवं पुस्तक तुझ्या वहीवरून जसंच्या तसं निघेल, चौऱ्याऐंशी पायऱ्यांसकट आणि 'छान वाटतं'सकट. पहिल्या पानावर ओळ कोणी काढली ते छापलेलं असेल. तुझं नाव घालायचं की नाही, ते तू सांगशील तसं. सांगितलं नाहीस तर घालणार नाही.

सातवा आणि आठवा मुक्काम मी करत नाही. इथवर येऊन तीर्थाचं दर्शन न घेता थांबणं बरं नव्हे, असं दोन म्हाताऱ्यांनी मला बजावलं. पण तिथलं तू मोजलेलं आहे, ते मी पुन्हा मोजणार नाही.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि इतकी वर्षं तू पुष्कळ दिलंस. या पत्राचंही उत्तर नको.

फक्त एक. मालकीणबाई सांगतात की तुझा काल फोन आला होता, पाणी किती म्हणून विचारत होतीस; उतारावर यंदा दुसरं माणूस बसलं आहे, यायची घाई करू नकोस, एवढंच त्यांनी तुला सांगितलं. माझी पत्रं तुला अजून मिळाली नाहीत असं दिसतं. मी इथे आहे हे मी त्यांना सांगू दिलं नाही, कारण ते तुला वाचून कळावं, फोनवर नव्हे. पण रजेचा अर्ज लिहून ठेवला असशील तर फाड. या काठावर उभं राहण्याचं काम तुझं कधीच नव्हतं. ते माझं होतं, आणि मी ते करते आहे.

ताई